बुधवार, शुक्रवार

"प्युअर व्हेज ना?"
"प्युअर," बिजीश सांगतो, छातीवर हात ठेवून,
आणि पोळीवर तूप सोडतो,
धार न मोडता.

नाइफ रोडवरचं हे चौथं हॉटेल.
डाळीत लोणी, भाजीत साय,
डोसा कोरडा मागावा तर
चटणीतून दही निघतं.
पाण्याचे दोन दिरहम ठेवून मी उठते.
बिजीशला वाईट वाटतं. खरंच वाटतं.
"मॅडम, गाईला कुठे मारलंय आपण?"

काय सांगू.
मी डेअरीत आहे,
अल ऐनच्या रस्त्यावर, वाळूच्या मधोमध.
दिवसाला एकशे ऐंशी बाटल्या तपासते दुधाच्या.
नळीत पांढरा थर चढतो, थांबतो,
मी आकडा लिहिते.
सहा वर्षं लिहितेय.
शेडमध्ये पंखे, पाण्याचे तुषार,
अठ्ठेचाळीस अंशात गाई ओल्या उभ्या.
आणि पलीकडच्या पत्र्यामागून एक बारीक आवाज
रात्रपाळीला एसीच्या घरघरीतूनही येतो.
कुणाचा, ते कुणी विचारत नाही.
मी एकदा विचारलं.
एवढंच.

आई फोनवर : "दूध नाही, दही नाही, मग खातेस काय? वारा?"
"इथे वारासुद्धा करपलेला असतो गं."
तिला हसू येत नाही.
इचलकरंजीत तिने शेजारणीला सांगितलंय
की मला दूध बाधतं.

मरीनाला एका काचेच्या हॉटेलात गेले.
तिथे सगळंच माझ्यासाठी होतं :
काजूचं चीज, बिटाचा बर्गर,
पाटीवर एका झाडाचं हसरं चित्र.
चौऱ्याऐंशी दिरहम.
मनातल्या मनात रुपये करत जेवले,
आणि घरी येऊन
कांदा फोडून शिळ्या खुब्जाशी खाल्ला, उभ्यानेच.

मग व्हॅनवाला गुलबहार म्हणाला
(आमचंच दूध पोचवतो तो दुकानादुकानात) :
"बाजी, फ्रिज मुरारला जा. इथिओपियाची माणसं.
बुधवार-शुक्रवार माझे क्रेट
तिथून भरलेलेच परत येतात."

अरुंद जिना. कॉफी भाजल्याचा धूर.
त्सेहाय नावाची बाई, कपाळावर गोंदलेला क्रूस,
मला खालपासून वरपर्यंत बघून म्हणाली,
"फास्टिंग?"
हो म्हणून टाकलं.
ना एकादशी, ना चतुर्थी, ना कुठला वार माझा.
आमच्यात उपवास म्हटला की दूध आधी तापतं.
हिच्यात उपवास म्हणजे दूधच सोडायचं.
तिने पदार्थ सांगायला घेतले : "मिसिर. गोमेन. शिरो."
"शिरा नको," मी घाईने म्हटलं, "त्यात तूप असतं."
"शिरो."
"तेच. नको."
ती हसली, आणि आणलाच.

मातीच्या बोळक्यात रटरटत आलं
पिठलं.
दुसरं नाव नाही त्याला.
तेच फुटणारे बुडबुडे, तोच लसूण, तीच तांबूस साय
जी दुधाची नसते.
खाली परातभर घावन, थंड, आंबूस,
जाळी पडलेलं.
घावन मोडलं, बुडवलं,
जीभ पोळली, तरी फुंकर घालायला थांबले नाही.
शेजारच्या टेबलावरचे टॅक्सीवाले
एकमेकांना घास भरवत होते,
त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आणि उरलेले पाच दिवस?" मी विचारलं.
त्सेहायने खांदे उडवले. "लोणी. भरपूर लोणी."
मग बोळकं उचलता उचलता,
"तुझा उपवास कधी सुटणार?"

तोंडात घास आहे असं मी दाखवलं.

गुरुवारी पुन्हा एकशे ऐंशी बाटल्या.
थर चढला, थांबला, आकडा लिहिला.
हातमोज्याच्या आत, बोटांना,
अजून लसणाचा वास.